मांजऱ्या आणि फुरसं

माझं माहेर पालीचं. गडाखालच्या रानात वडील गवत कापायचे. साप दिसला की आधी मला हाक मारून दाखवायचे, मग काठीनं बाजूला करायचे. फुरसं दगडाखाली राहतं, डिवचलं की अंगाला अंग घासून करकर वाजतं. मांजऱ्याही तसाच तपकिरी, पाठीवर तशीच नक्षी. पण तो दोरीसारखा बारीक, डोळे मांजराचे, दिवसा झुडपात वेटोळं घालून झोपलेला. चावला तरी माणूस मरत नाही. एवढी विद्या घेऊन मी विंझरजवळ सासरी आले. तिथं सुनेच्या विद्येला कोण विचारतो!

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही घरची सगळी माणसं करवंदं काढायला रानात गेलो होतो. धाकट्या नणंदेनं छातीएवढ्या उंच जाळीत हात घातला आणि किंचाळली. बोटाला रक्त. साप फांदीवरून सरकत गेला. आवाज नाही, डोळे मोठे. मी अगदी नीट पाहिला.

"फुरसं!" कुणीतरी ओरडलं. दवाखाना भोरला, दिवसभराची पायपीट. आमच्याकडे फुरसं चावलं की विष वर चढायच्या आत बोट तोडायची रीत. सासऱ्यांनी कमरेच्या आकडीतला कोयता काढला आणि तिचा हात दगडावर दाबला. पोर माझ्याकडे बघून रडत होती, "वैनी, तू पायलंस न्हवं? सांग की गं!"

मांजऱ्या होता असं सांगितलं आणि ती मेली तर? पांढऱ्या पायाची म्हणून हाकलतील मला. खात्री होती, तरी मी नजर फिरवली.

"काय व्हतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"दिसलं न्हाई, मामंजी."

कोयता एकदाच पडला.

पोर जगली. कोयत्यानं वाचवली, असं गावभर झालं. पुढं त्या बोटापायी तिची दोन स्थळं मोडली, तरी मी तोंडाला कुलूप घालून बसले. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

काही वर्षांनी माझ्या लेकीला तसल्याच जाळीत साप चावला. सासऱ्यांचा हात कमरेकडे गेला तशी मी लेकीला पोटाशी धरून ओरडले, "मांजऱ्या हाय! म्या पायलाय! हात लावाल तर बघा!" संध्याकाळपर्यंत सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसले. मग तिनं भाकरी मागितली.

माहेरपणाला आलेली नणंद शेजारीच होती. हळूच म्हणाली, "वैनी, तवाबी तुला ठावं व्हतं?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यानंतर ती माहेरी आली नाही.