पेडगावची डिरेक्टरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही समोर नाही.

नव्वदीच्या आरंभी परभणीच्या आमच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत संगणक आला. त्या खोलीत चपला काढूनच शिरायचे — धुळीने यंत्र बिघडते, अशी सर्वांची श्रद्धा. महानंदाताई त्यावर गावोगावच्या मातीचे निकाल भरत. माझी चाळिशी उलटलेली. कळ दाबायचीही भीती. त्यांनीच शिकवले. "दाबा की, सर! चावत न्हाई ते," म्हणत आणि स्वतःच्या डब्यातले धपाटे पुढे सरकवत.

पुढे मी पुस्तके वाचून प्रोग्रॅम लिहू लागलो. "मलाबी शिकवा बरं का," त्या म्हणत. मी हो म्हटले होते.

प्रत्येक गावाची डिरेक्टरी — म्हणजे निकाल ठेवायचा संगणकातला कप्पा — आम्ही हाताने करत असू. माझा प्रोग्रॅम गावाचे नाव विचारून ती आपणच करी. केवढे अप्रूप वाटले मला! मात्र त्या नावाची डिरेक्टरी आधीच असली, की तो अडून बसे. तो आमच्या साहेबांना दाखवायचा होता; त्यांच्यासमोर अडला तर? म्हणून मी व्यवस्था केली — जुनी असल्यास ती आतल्या सगळ्यासकट पुसावी, मग नवी करावी. आत कुणाचे काम असेल, हे मनात आले नाही का? आले होते. मी ते दूर सारले.

साहेबांसमोर मी 'पेडगाव' टाइप केले. क्षणात डिरेक्टरी तयार. शाबासकी मिळाली. आणि ताईंनी आठवडाभर भरलेले पेडगावचे निकाल त्याच क्षणी नाहीसे झाले.

दुपारी ते उघडकीस आले. त्या दिवशी टाचेत काटा मोडल्यामुळे ताई चपलांसह आत आल्या होत्या, हे शिपायाने पाहिले होते. साहेबांनी मला विचारले, "धुळीनं असं होऊ शकतं का हो?"

मला कारण ठाऊक होते. मी म्हणालो — "शक्य आहे."

ताईंना तिथून उठवून माती चाळायच्या टेबलावर बसवले. त्यांची खुर्ची मला मिळाली. त्यांना शिकवायचे राहिले — राहिले कसले, मी ते पुन्हा काढलेच नाही.

त्या माझ्यावर कधी रुसल्या नाहीत. उलट, पुढे कुणी नवा माणूस कामावर आला, की संगणकाच्या खोलीच्या दारातच अडवून सांगत, "चपला काढ बाबा आधी. माझ्या चपलेनं पेडगावचं समदं गेलतं. इचार आमच्या सरांना."

तो माझ्याकडे पाही. मी मान डोलावत असे.