गंगाराम मास्तरांचा जबडा

आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत किस्से जमवावे लागत नाहीत, कपाटावर धूळ बसावी तसे आपोआप बसतात. चार माणसं चहाला टेकली की कुणीतरी म्हणतंच, "तो मास्तरच्या जबड्याचा सांग ना!" मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो, पण खरं सांगू? सांगता सांगता दर वेळी माझं डोकं फिरतं.

पार्टी तेलंगणातल्या वांकिडीजवळच्या आमच्या मराठी गावातली. पेटीवर नारायणबुवा, भाजीचा मळा त्यांचा आणि पार्टीही त्यांचीच. कार्यक्रम सुरू करण्याआधी आम्ही सगळे त्यांच्या पाया पडायचो. तबल्यावर मी, कापडाचं दुकान सांभाळून. आणि व्हायोलिनवर गंगाराम मास्तर, सरकारी शाळेत संगीत शिकवणारे. तीस वर्षं उभं राहून, हनुवटीखाली व्हायोलिन दाबून वाजवलं त्यांनी. डोळे मिटलेले, मान वाकडी. त्या हनुवटीचं काय होतंय, हे कुणी कधी विचारलं नाही.

*

पहिल्यांदा कळलं ते माइकमुळे!

एका लग्नात अक्षता पडल्या, मास्तरांनी छान संथ धून धरली आणि स्पीकरमधून आवाज आला, "कट्." थोड्या वेळानं पुन्हा "कट्". साउंडवाला धावत आला, वायर बदलली, माइक बदलला. पुन्हा "कट्"! शेवटी त्यानं आपला कान मास्तरांच्या गालाजवळ नेला आणि ओरडला, "बुवा, वायर चांगली हाय! मास्तरच वाजून राह्यले!"

अख्खा मांडव हसला. मास्तरही हसायला गेले आणि त्यांचं तोंड अर्ध्यावरच अडकलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

त्याच लग्नाची पंगत. मास्तरांनी पुऱ्या बाजूला सारल्या आणि नुसतं वरण भुरकायला लागले. मुलीचे वडील समोर येऊन उभे.

"काऊन मास्तर, आमच्या घरचं चालत नाई का?"

"तसं नाई हो. जबडा दुखून राह्यला, चावता येत नाई."

"वा! आमच्या पुरीपाशी येऊनच दुखला का जबडा?"

माणूस आजारी आहे म्हणून सांगतोय, तर यांना मानपान सुचतो! मास्तर अजून म्हणतात, अपमानाचं सोडा, त्या गरम पुऱ्या गेल्या याचंच वाईट वाटलं.

*

मग डॉक्टर सुरू झाले. एकानं महिनाभर कानात थेंब घातले. दुसरा दातांचा. त्यानं अक्कलदाढ उपटली. दुखणं तसंच.

"मग शेजारची असेल," तो म्हणाला. तीही उपटली!

तिसऱ्या दाताला मास्तरांनी साफ नकार दिला, तर हा शहाणा त्यांच्या बायकोला काय सांगतो? "पेशंट कोऑपरेट करत नाही!" अहो, माणसाचे दोन धडधाकट दात तुमच्या ट्रेमध्ये पडलेत, आणखी किती कोऑपरेट करायचं?

*

अखेर चंद्रपूरला एक डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी मास्तरांच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "उघडा. मिटा." मग विचारलं, "तुम्ही व्हायोलिन वाजवता का?"

इतक्या डॉक्टरांत हे विचारणाऱ्या त्या पहिल्या! मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"जबड्याचा सांधा बिघडलाय," बाई म्हणाल्या. "तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत. तुमच्या एकच जातंय. सहा महिने हनुवटीखाली व्हायोलिन धरायचं नाही, नाहीतर जबडा पुरता धरेल. मग वाजवणंही गेलं आणि जेवणंही."

मास्तरांनी गावात येऊन हे सांगितलं. नारायणबुवांनी सगळ्यांसमोर आपली तीन बोटं आपल्या तोंडात घातली, काढली आणि म्हणाले, "गेली ना? नाटकं हायेत सारी! प्रोग्राम जवळ आला का याचा जबडा दुखते!"

बोटं बुवांची, तोंड बुवांचं, आणि नाटकी कोण? मास्तर! आणि मी काय केलं? सगळ्यांबरोबर हसलो. आज लाज वाटते.

*

शाळेत रोजच्या प्रार्थनेला मास्तरांनी उभं राहून व्हायोलिन वाजवायचं, असा शिरस्ता. त्यातून सुटका मागितली तर हेडमास्तर म्हणाले, "दाखला आणा. महाराष्ट्राचा कागद इथं चालत नाही, आपल्या जिल्ह्याचा आणा."

आता आपला जिल्हा कोणता, इथंच घोडं अडलं! आदिलाबाद जिल्ह्याचे नुकतेच चार तुकडे झाले होते. मास्तर आणि मी जुन्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, "तुम्ही आता नव्या जिल्ह्यात." नव्या ऑफिसात बोर्डाचा रंग ओला होता. तिथं म्हणाले, "तुमची दरख्वास्त जुन्या जिल्ह्याकडे. तब्दील होऊन येईल तेव्हा बघू. रेपु, रेपु!" दरख्वास्त म्हणजे अर्ज, आणि तेलुगूतलं रेपु म्हणजे उद्या. तो उद्या दोन महिने चालला, आणि दोन महिने मास्तर रोज सकाळी जबडा दाबून प्रार्थना वाजवत राहिले.

एकदा मास्तर खिडकीपाशी काही सांगायला लागले, तर आतला क्लार्क खेकसला, "तोंड उघडून नीट बोला ना!"

अरे बाबा, तोंड उघडत असतं तर तुझ्या खिडकीत कशाला आला असता माणूस!

*

दोन महिन्यांनी एका सरकारी डॉक्टरांपुढे उभं राहायला मिळालं. डॉक्टर दक्षिणी संगीताचे मोठे शौकीन. 'व्हायोलिनमुळे जबडा' हे ऐकताच त्यांनी चष्मा काढला.

"लहानपणापासून कचेऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या मैफली, ऐकतो मी. व्हायोलिनवाला मांडी घालून बसतो, एक टोक छातीला, दुसरं पायाला. हनुवटी लागतेच कुठे? दुखला तर पाय दुखेल!"

मास्तरांनी केसमधून व्हायोलिन काढून हनुवटीखाली धरून दाखवलं. डॉक्टर हसले. "असं सिनेमात धरतात!" म्हणाले आणि कागदावर लिहून शिक्का मारला, "रोग्याला वाद्य धरता येत नाही. नीट शिकून घ्यावे."

तीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला!  परतीच्या बसमध्ये मी जे बोललो, ते शब्द इथं लिहिता येणार नाहीत.

*

पण सरकारी कागदाची गंमत बघा. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला, शिक्का बोटानं चाचपला आणि म्हणाले, "ऑर्डर आहे. शिकून होईपर्यंत प्रार्थना पेटीवर!"

जे खऱ्या दुखण्यानं मिळालं नाही, ते खोट्या शेऱ्यानं मिळालं!

मास्तरही पेटले. त्याच शाळेतल्या तेलुगूच्या टीचर, सुजाता मॅडम, लहानपणी दक्षिणी पद्धतीनं व्हायोलिन शिकल्या होत्या. मास्तर वयानं त्यांच्या वडिलांएवढे, तरी पहिलीतल्या पोरासारखे त्यांच्यापुढे सतरंजीवर बसले. हनुवटी मोकळी, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर. सूर घसरायचे, मांडी भरून यायची. घरी शेक आणि जबड्याचे व्यायाम. सहा महिने हेच.

*

आणि मग गणपतीतला आमचा कार्यक्रम. संध्याकाळची वेळ, समोर अख्खं गाव. आम्ही रिवाजाप्रमाणे बुवांच्या पाया पडलो. मास्तर पडले नाहीत. ते सतरंजी अंथरून बसले आणि व्हायोलिन घोट्यावर टेकवलं.

बुवा पेटी सोडून उठले. "ए गंगाराम! वाद्याले पाय लावतं? सरस्वती हाय ते! पाय काढ, नाईतर माझ्या स्टेजवरून उतर!"

लोक कुजबुजायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "उभं राहून वाजवा, मास्तर!" मी तबल्यावर हात ठेवून बसलो. या वेळी हसलो तरी नाही, एवढंच.

मास्तरांनी व्हायोलिन हळूच मांडीवर आडवं घेतलं. तोंड उघडलं. एक बोट, दुसरं बोट, तिसरं बोट. तीनही उभी, आत! साऱ्या गावाला दिसेल अशी मान त्यांनी डावीकडून उजवीकडे फिरवली. मग बोटं काढली आणि रुमालाला पुसली.

"बुवा," ते म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा शब्द मागच्या रांगेपर्यंत खणखणीत गेला, "या पायानं माझा जबडा वाचवला. तुमच्या पायाले त आमी तीस वर्षं फुकटच लागून राह्यलो!"



बुवा खाली बसले. पेटीचा भाता उघडला आणि मास्तरांना सा दिला.