काचेच्या पडवीतला कोपरा

टोपल्या विणायचे विलो झाडाचे फोक आठवडाभर पाण्यात भिजले नाहीत तर वळवताना तडकतात. त्या घरात ते आडवे मावतील एवढी लांब वस्तू एकच होती, पाच माणसांत मिळून असलेला बाथटब. बोडिलने बुधवारी त्यात जुडी ठेवली. शुक्रवारी न्हाणीघराच्या दारावर चिठ्ठी लागली, ‘प्रिय सर्वजण, टब माणसांसाठी आहे.’ खाली सही नव्हती. पण घरातला एर्लिंग नोकरीत असताना नकाशे काढायचा, त्याचं अक्षर कुणीही ओळखलं असतं.

बोडिल त्रेसष्ट वर्षांची. एका शाळेच्या कँटीनमध्ये तिने एकतीस वर्षं काढली होती. घटस्फोटानंतर घर विकलं आणि ओडेन्स शहराच्या कडेला असलेल्या या सामायिक घरात तिने एक खोली घेतली. खोली एवढीशी की पलंगाखालचा खोका ओढायचा तर आधी खुर्ची बाहेर ठेवावी लागे. संध्याकाळच्या वर्गात ती टोपल्या विणायला शिकली. करून झाल्यावर कुणी खाऊन टाकत नाही असं काम तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

जानेवारीच्या बैठकीत तिने काचेच्या पडवीतला कोपरा मागितला. तिथे तीन वाळलेल्या कुंड्यांखेरीज काही नव्हतं. घराचा नियम असा की सगळे हो म्हणाले तरच हो. एकाचा नकार पुरे.

“माझं काही म्हणणं नाही,” एर्लिंग म्हणाला. “फक्त मी संध्याकाळी तिथे कॉफी घेतो.”

“म्हणजे हो की नाही?” सिसेलने विचारलं. ती नर्स होती, बैठकीची टिपणं तीच लिहायची.

“म्हणजे मी तिथे कॉफी घेतो.”

शेवटी महिनाभर करून बघायचं ठरलं. फास्टेलाव्न सणाच्या रविवारी निकाल.

शहराच्या भंगार केंद्रात लोक नको झालेल्या चांगल्या वस्तू ठेवून जातात. बोडिलने तिथून पावसाच्या पाण्याचा माणसाहून उंच पाइप आणला, एका टोकाला बूच ठोकलं आणि तो कोपऱ्यात उभा बांधला. फोक त्यात उभे भिजू लागले, टबाचा प्रश्न मिटला. तिथल्याच एका खुर्चीचे पाय कापून तिने ती बुटकी केली. मांडीवर घ्यायला पुस्तकांच्या कपाटाची फळी. दाभण आणि छाटणीची कात्री तिची होतीच. वीण ठोकून बसवायला कँटीनच्या जुन्या तराजूचं किलोचं वजन. तिने विणायला घेतली घराच्या शेगडीजवळ ठेवायची लाकडांची टोपली. तिथे माशांचा प्लास्टिकचा क्रेट होता आणि तो कुणालाच आवडत नव्हता. टोपली निकालाच्या दिवशी टेबलावर ठेवायची, असं तिने मनाशी धरलं होतं. नकार आला तर सामान पलंगाखाली जाईल आणि तिथून कधीच निघणार नाही, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

रोज संध्याकाळी ती साली झाडून काढायची. झाडू जवळ आला की एर्लिंग कप न ठेवता पाय वर घ्यायचा.

“हे संपणार कधी?”

“टोपली?”

“सगळंच.”

शनिवारी तिने भिजलेले फोक काढले, ओल्या कांबळ्यात गुंडाळले आणि मुरण्यासाठी मागच्या दाराशी उभे केले. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर एर्लिंग टेबलाशी कात्री घेऊन बसला होता. समोर हातभर लांबीच्या काड्यांच्या सहा जुड्या, त्यांना लाल कागदाची फुलं आणि चॉकलेटं बांधलेली. फास्टेलाव्नच्या दिवशी मुलं अशा जुड्यांनी मोठ्यांना झोडपून अंथरुणातून उठवतात.

“अकराला नातवंडं येतायत,” तो म्हणाला. “दाराशी बागेची छाटणी झाकून ठेवलेली दिसली. बर्चपेक्षा बरी आहे, कशीही वाकते.”

‘काही हरकत नाही’ हे शब्द बोडिलच्या तोंडाशी आले. एकतीस वर्षं ती तेच म्हणत आली होती.

“एर्लिंग, ते माझे फोक होते. आठवडाभर भिजवलेले.”

त्याने कात्री खाली ठेवली. “सगळे?”

“सगळे.”

त्याने एका जुडीची गाठ धरली. “सोडू का?”

“आता काय सोडतोस. कापलेले जोडता थोडेच येतात.”

चार वाजता बैठकीत क्रीमचे बन आले. बोडिलने टोपली टेबलावर ठेवली. बूड झालं होतं, वर दोन बोटं वीण, आणि उभे फोक साळिंदराच्या काट्यांसारखे ताठ.

“पुरी करायची होती. झाली नाही,” एवढंच ती म्हणाली.

“झाली नाही, कारण तिचा माल मी कापला,” एर्लिंग म्हणाला. तो कॉफी ढवळत होता. साखर तो घेत नसे. “बाकी कोपऱ्याचं म्हणाल तर अडचण आहेच. ती खाली त्या बुटक्या खुर्चीत, मी वर. रोज तिच्या टाळूशी बोलावं लागतं.”

“हो की नाही, एर्लिंग?” सिसेलने पेन उचललं.

“हो. टब मात्र नाही.”

सिसेलने दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

कप विसळताना त्याने विचारलं, “ते फोक मिळतात कुठे?”

“ओढ्याकाठी. पण कोंब फुटायच्या आत कापावे लागतात. फार तर दोन आठवडे उरलेत.”

सोमवारी तो बोडिलला आपल्या गाडीत घेऊन निघाला. ओढ्यात उतरताच त्याच्या एका बुटात पाणी शिरलं, आणि पुढचा तासभर बोडिलला त्या बुटाबद्दलच ऐकावं लागलं. तरी त्याने फोक कापले सरळ आणि लांब, तिने दाखवले तसेच.

“आता लगेच विणणार?”

“छे. महिनाभर सुकायला हवेत, नाहीतर वीण सैल पडते.”

“महिनाभर. आणि ठेवणार कुठे?”

बोडिलने जुडीची गाठ ओढून घट्ट केली.

“तुझ्या खुर्चीमागे,” ती म्हणाली.