आधी धक्का मारा

आसारामजींच्या घरी गेलात, की पाणी मिळण्याआधी ओसरीतल्या खांबाला खांद्याने धक्का मारावा लागे. पाहुणा असो की पटवारी, सुटका नाही. नवेगाव बांधच्या अलीकडच्या त्या गावात मी २००३ साली ग्रामसेवक म्हणून बदलून आलो, तेव्हा मलाही त्यांनी उभे केले. "जोर लावा सायेब, लाजता कायले?" मी जोर लावला. खांदा दुखला, खांब मजेत होता. "आता बसा," म्हणाले, आणि मग पाणी आले.

मी गेलो होतो घरांच्या यादीसाठी. यादीत दोनच रकाने, पक्के आणि कच्चे. मातीच्या भिंती, वर कवेलूंचे म्हणजे कौलांचे छप्पर, म्हणून नियमाने कच्चे. आणि घर कच्चे असेल तरच ते पाडून घरकुल मंजूर. मी मोठ्या उदार मनाने 'कच्चे' लिहिले. एखाद्याचे भले करायला निघालेला सरकारी माणूस त्याला काही विचारत नाही. मीही विचारले नाही.

ग्रामसभेत यादी वाचली. त्यांचे नाव आले आणि सत्तरीचे आसारामजी ताडकन उठले. "खोडा ते."

"अहो, घरकुल जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या. तुमी भिंत पाहून लिवलं. भिंत पडली त लिपता येते. घर खांबावर उभं हाय. एक खिळा नाई त्यात, सारी खुंटी आन पाचर. माह्या बापानं मालगुजाराच्या वाड्याचे खांब खांद्यावर वाहिले. त्याच वाड्याच्या ओसरीत त्याले बसू देत नोहते. दीक्षा घेतली आन पुढच्याच उन्हाळ्यात त्यानं ओसरीतला येनाच्या लाकडाचा खांब रोवला. मजुरीच्या बदल्यात एकेक लाकूड मागून आनलं. आन तुमी एका शब्दात कच्चं करून राहिले?"

त्यांचा मुलगा विनोद रडकुंडीला आला. "बाबा, सोयरीकवाले स्लॅब पाहतेत!"

"घेऊन ये त्याईले. धक्का माराले लावतो."

मी सर्वांदेखत खोडले आणि 'पक्के' लिहिले. नियमात बसत नव्हते. त्याची नोटीस मला नंतर मिळाली. विनोद बापाशी दोन वर्षे बोलला नाही. पोराच्या संसारापेक्षा लाकूड मोठे का, म्हणून मलाही म्हाताऱ्याचा राग आला होता, हे कबूल करतो.

पण त्या नोटिशीनंतरच मी ते घर नीट पाहू लागलो. माळ्यावर वर्षभराचे धान, खाली बैल, मधे माणसे, आणि सगळ्यांचा भार त्याच खांबांवर. दर पावसाळा सरला की आसारामजी मोहाच्या बियांचे तेल घेऊन एकेक खांब चोळत बसत. एकदा गोंदियाचा एक व्यापारी गाडी घेऊन आला. त्याला हॉटेलच्या शोभेसाठी हेच खांब हवे होते. "चाचा, लकडी दे दो, पूरा स्लॅब डलवा दूँगा." आसारामजींनी आधी त्याला धक्का मारायला लावला, मग म्हणाले, "ये घर है भाई, लकडी का टाल नही." सरकारला जे कच्चे, ते शेठला सोन्यासारखे. पाडायचे मात्र दोघांनाही होते.

विनोदचे लग्न शेवटी जमले. सासऱ्याने धक्का मारला की नाही, ते मला कोणी सांगितले नाही.

मधे माझी बदली झाली. पुन्हा त्या गावाचा चार्ज माझ्याकडे आला, त्याच वर्षी आसारामजी गेले. मी भेटायला गेलो. घरांची नवी यादी सुरू होती, म्हणून पिशवीत फॉर्म घेतला होता. वाटले, आता तरी विनोदचे भले करावे. माझी खोड काही गेली नव्हती.

ओसरीत बसणार, तोच विनोदला पिशवीतून डोकावणारा कागद दिसला. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती. तिला त्याने हातानेच थांबवले.

"सायेब," तो खांबाकडे पाहत म्हणाला, "आधी धक्का मारा. मंग लिवा, काय लिवाचं ते."