मामांना बघायचा होता लांडगा

माझे मामा करमाडजवळ मेंढरं राखायचे. माळावर कुंपणं आली, चराई संपली, तेव्हा त्यांनी कळप विकला आणि बजाजनगरात मुलाकडे राहायला आले. मी शहरातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मी भेटायला गेले की गॅलरीत बसलेले मामा आधी हेच विचारायचे, "लांडगे उरलेत का गं कुठं?"

लांडग्यांनी त्यांची कितीतरी कोकरं नेली होती. तरी आठवण काढायचे ती त्यांचीच.

गेल्या हिवाळ्यात फुलंब्रीकडच्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं, की तिच्या शेतामागच्या माळावर लांडगा दिसतो. रविवारी दुपारी मी मामांना गाडीतून घेऊन गेले. त्यांनी धुतलेला पटका बांधला होता.

ऊन कललं तसं तरवडाच्या झुडपांमागून ते जनावर बाहेर आलं. लांब पाय, निमुळतं तोंड, वाळल्या गवताचा रंग. मला वाटलं, लांडगाच. मग ते वळलं. शेपटी वर वळलेली, छातीवर पांढरा पट्टा. लांडगा शेपटी खाली सोडून चालतो. लांडगा आणि कुत्र्याचा संकर मी दरवर्षी शिकवते; फळ्यावर दोन बाण काढते आणि पुढं जाते. आता तो संकर समोर उभा होता. मामांची नजर अधू झाली होती. दिसलं नसेल तर बरं, असं वाटलं.

मामांनी तोंडाशी हात धरले आणि लांडग्यासारखी लांब हाळी दिली. जनावर थबकलं. मान वर करून त्यानंही सूर लावला, पण तो मध्येच तुटला आणि भुंकण्यात गेला.

मामा खालीच बसले. "कुत्र्याचं रगत हाय त्यात."

"व्हय, मामा."

"ह्याची माय लांडगीण असंल; तिला तिच्या जातीचा कुणी घावलाच नसंल. लई फिरली असंल बिचारी." त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "पुढल्या ऐतवारी आणशील?"

"लांडगा नाही तरी?"

"अर्धा तर हाय ना."

आणखी तीन रविवार आम्ही गेलो. ते पुन्हा दिसलं नाही. आता गुडघ्यांमुळं मामांना जिना उतरवत नाही. मी एकटीच जाते आणि माळावर उभी राहून त्यांना फोन लावते. गवत केवढं वाढलंय, पाणी कुठं साचलंय, कुणाची मेंढरं चरतायत, सगळं सांगते. सांगून झालं तरी ते फोन ठेवू देत नाहीत.