बळ आलं हे कोण ठरवतं?
फॉर्मेलिनचा उग्र वास आला की मोताळ्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. मी शिकवत होतो, की समुद्रात प्रवाहाबरोबर वाहतात ते प्लवक आणि प्रवाह कापत पोहतात ते तरणजीव. माशाचं पिल्लूही आधी प्लवकच असतं, बळ आलं की तरणजीवांत मोजतात. तेवढ्यात लग्न ठरलेली एक विद्यार्थिनी उठली. “सर, बळ आलं हे कोण ठरवते? पिल्लू का पुस्तक?” मी फॉर्मेलिनच्या बरणीतला मासा दाखवून पुढचा धडा सुरू केला. त्याच आठवड्यात तिचे वडील आले. “सर, काय शिकवलं पोरीले? लग्नाले नाही म्हणून राह्यली, पुढं शिकाचं म्हणते.” “मासे,” मी म्हणालो. ती पुढे शिकली. मी तिला नेमकं काय शिकवलं, ते मला अजूनही कळलेलं नाही.