हिरवं वर्तुळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि प्रतापनगरच्या शेजारणींना तर नाहीच — माझी खडान्‌खडा माहिती असल्याचा त्यांचा दावा असला तरी. तुम्हाला सांगते. मध्ये थांबवू नका, नाहीतर मी पुन्हा गिळून टाकेन.

मी ग्रामसेविका आहे. बडोद्याहून स्कूटरवर खेड्यांत जाते. शेतकऱ्यांना सरकारकडून हप्ता मिळतो ना — तो चालू राहायचा तर माणूस हयात असल्याची खात्री करावी लागते. ती माझ्या मोबाइलवर होते. चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ येतं, डोळे मिचकावा अशी सूचना येते, माणसाने पापणी हलवली की वर्तुळ हिरवं होतं. मेलेला माणूस डोळे मिचकावू शकत नाही. म्हणून तर ही पद्धत.

छगनकाकांचं काम मी पुढे ढकलत होते. त्यांचं घर कपाशीच्या शेतात, गावाच्या पार टोकाला, ऊन मी म्हणत होतं — आणि खरं सांगू? कंटाळा. ‘घरी भेटले नाहीत’ असा शेरा मारून मी मोकळी व्हायचे, घरी न जाताच. शेवटी गावातलं तेवढं एकच नाव उरलं, साहेब खवळले, तेव्हा गेले.

अंगणात बायका बसल्या होत्या. काका पहाटे गेले, म्हणाल्या. सुरतेहून मुलगी येईपर्यंत थांबायचं होतं. आत सारवलेल्या जमिनीवर काकांना ठेवलं होतं, ओठांवर तुळशीपत्र, उशाशी तुपाचा दिवा. काकी पहाटेपासून जागच्या हलल्या नव्हत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “बेन, तमे जरा बेसो एमनी पासे. हुं पाणी पीने आवुं.”

त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या. काकांपाशी मी एकटी उरले. आणि मी मोबाइल काढला.

का? हप्ता काकींच्याच उपयोगी पडेल, असं मनाला मी नंतर समजावलं. त्या क्षणी डोळ्यांसमोर फक्त साहेब होते. काकांचे डोळे अर्धवट उघडे होते. आपणच बोटाने पापणी खाली ओढावी, असा माझा बेत — सांगतानाही स्वतःची शिसारी येते. मोबाइल त्यांच्या चेहऱ्यावर धरून मी दुसरा हात पुढे केला. तो अजून पोचलाही नव्हता, तेवढ्यात मोबाइल वाजला. वर्तुळ हिरवं झालं होतं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे पूर्ण मिटलेले होते.

माशी बसली असेल? दिव्याची ज्योत हलली असेल? पण हाच मोबाइल चालत्याबोलत्या माणसांना उन्हात उभं करतो, पुन्हा पुन्हा डोळे मिचकावायला लावतो, आणि तरी नाकारतो. काकांना त्याने लगेच मान्य केलं. कसं?

डॉक्टर आलेला नव्हता. शेजारच्या कुणीतरी नाडी पाहिली होती, तेवढंच. ‘एकदा डॉक्टरला बोलवा’ — माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण का, असं विचारलं असतं तर? मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

काकी आत आल्या. काकांकडे पाहून त्यांना हुंदका फुटला. “तमे आंखो मींची दीधी? सारुं कर्युं, बेन.” मीच डोळे मिटले, असं त्यांना वाटलं. मी होकारार्थी मान हलवली.

मुलगी आली. काकांना नेलं. मी बायकांमध्ये उभी राहून पाहत होते, अगदी तिरडी वळणाआड जाईपर्यंत. पुढे हप्ताही जमा झाला. काकी अजून मोसमात मला पिशवीभर तुरीच्या शेंगा पाठवतात. मी त्या घेते, शिजवते, आम्ही खातो.

काकांचा श्वास चालू होता का? मला माहीत नाही. माझा हात पुढे झालेलाच होता. नाकाशी धरायचा, एवढंच उरलं होतं. मी तो मागे घेतला.